मंजुळाबाई सुरय पाहायला गेल्या

मंजुळाबाई मोरे चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. घर आंबेडकरनगरात, नवरा पंडितभाऊ एसटी डेपोत मेकॅनिक. माहेर तापीकाठी, सासर तापीकाठी, नोकरीही तिथून जवळच. समुद्र त्यांनी कॅलेंडरवरच पाहिलेला.

१९८६च्या पावसाळ्यात मोठं वादळ झालं. आडव्या झालेल्या केळीत निंबा पाटलांना एक पाखरू सापडलं. गुरांचा डॉक्टर गावात नव्हता, म्हणून ते टोपलीत घालून थेट दवाखान्यात आले.

"सिस्टर, हाई काय शे दखा बरं. कावळा बी नही, पारवा बी नही."

वरून काळंभोर, खालून पांढरंशुभ्र, आणि पंख अंगाच्या मानाने फारच लांब. मंजुळाबाईंनी त्याला घरी नेलं. नदीतले बारके मासे चिमट्याने भरवले. चार पावलं टाकायचीही त्याला पंचाईत. कोपऱ्यात पंख आवळून बसे. जरा तरतरी आली तसं त्यांनी त्याला तापीवर नेलं आणि दोन्ही हात वर केले. पाखरू उठलं, पुलावरून एक फेरी मारून पाण्याच्या धारेबरोबर मावळतीकडे निघून गेलं. मंजुळाबाईंचे हात कितीतरी वेळ तसेच वर होते.

जळगावच्या कॉलेजात पक्ष्यांचा नाद असलेले एक सर होते. त्यांनी वर्णन ऐकून सांगितलं, "हा सुरय. भर समुद्रातला. घरट्यातून उडाला की वर्षानुवर्षं जमिनीला पाय लावत नाही."

हे वाक्य मंजुळाबाईंच्या मनात रुतलं. सलाईन लावताना, बाळंतिणीजवळ बसलेल्या असताना मधेच वाटे, आत्ता तो कुठे असेल? खाली नुसतं पाणी आणि टेकायला काही नाही, असं जगताना कसं वाटत असेल? त्यांना तिथे जायचं होतं. का, ते कुणाला सांगता आलं नसतं.

नऊएक वर्षांनी सरांचा निरोप आला. काही मंडळी मालवणहून मासेमारीच्या लाँचमधून रात्रभर खोल समुद्रात जाणार होती, पक्षी पाहायला.

"पानी दखाले इतलं दूर?" पंडितभाऊ म्हणाले. "तापी काय आटी गई का?"

"तापीमा तो नही ना."

दुसऱ्या दिवशी पंडितभाऊंनीही रजा टाकली. पण धक्क्यावर लाँच डुलताना पाहिली आणि त्यांचा पाय पुढे पडेना. "मी आठेच थांबस. तू जाय."

दिवे मागे पडले तशा मंजुळाबाईंना उलट्या सुरू झाल्या. लाँचचा तांडेल सुकाणूवरूनच म्हणाला, "बाई, आडवे पडा. बरा वाटतला." त्या जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर पडून राहिल्या. रात्रभर खालून इंजिनाची थरथर आणि वर हलणारं आकाश.

उजाडलं तेव्हा किनारा कुठेच नव्हता. त्या कठडा धरून उभ्या राहिल्या. पुढे पाणी जणू उकळत होतं. माशांचा घोळका वर आला होता आणि त्यावर पाखरंच पाखरं झेपावत होती. काळी पाठ, पांढरं पोट, लांब पंख. एकाने त्यांच्या अगदी डोक्यावरून फेरी घेतली.

इतकी वर्षं त्या 'तो' म्हणत होत्या. इथे तर सगळेच तसे. त्यातला आपला कुठला? की तो केव्हाच मेला? त्यांनी नकळत हात वर केला. कुणी वळून पाहिलं नाही. मासे खोल गेले, आणि पाखरं ओढल्यासारखी क्षितिजाकडे निघाली.

"भाऊ, अजून थोडं पुढे?" त्यांनी तांडेलाला विचारलं.

"पुढे संपणा नाय, बाई." त्याने लाँच वळवली.

पंडितभाऊ धक्क्यावरच होते. डोळे तांबारलेले.

"दिसनं का तुनं पाखरू?"

"दिसनात. बठ्ठा थवा व्हता."

"मंग?"

"मंग काय. निंघी गयात."

पाहून आली की ओढ निवेल असं पंडितभाऊंना वाटलं होतं. ती वाढली. तशी सहल पुन्हा कुणी काढली नाही. तरी पुढची काही वर्षं, मे महिना आला की दोघं एसटीच्या पासवर मालवणला जात. लाँच नाही, दुर्बीण नाही. पंडितभाऊ वाळूत बसून शेंगा फोडत. मंजुळाबाई पाण्याच्या पार टोकाकडे पाहत राहत.

"चाल आते," ते म्हणत.

"थोडा येळ," त्या म्हणत.