बीपी घेताना बोलायचं नसतं

इथे परदेशात आमच्या समोरच्या घरातली ही मुलगी सायकॉलॉजीची डिग्री असताना पुन्हा कॉलेजला जाते. चार वर्षांचं नर्सिंग सव्वा वर्षात संपवणारा कोर्स. सकाळी गाडीवरचा बर्फ खरवडताना औषधांची नावं पुटपुटत असते. मी हात केला, तरी पुटपुटणं न थांबवता फक्त मान हलवते.

संक्रांतीला आमच्याकडे जेवताना एक काका सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "एवढं शिकून शेवटी बेडपॅनच उचलणार ना?" तिची आई ताटात बघत राहिली. तासाभराने त्याच काकांना गरगरायला लागलं, तर त्यांनी बेशरमपणे हात तिच्याच पुढे केला. माझं डोकं सणकलं. ती मात्र गाडीतून बीपीचं मशीन घेऊन आली, त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. काका पुन्हा सुरू झाले, "त्यापेक्षा डॉक्टर का नाही झालीस?"

तिने पट्ट्यातली हवा सोडली. "काका, बोलू नका. रीडिंग चुकतं. परत घेते."

असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा काका गप्प बसले.

माझ्या दंडाला तर पट्टा नव्हता. मग जेवताना मी का गप्प बसले होते?