झाकण नसलेलं सरबत

बदलापूरच्या मांजर्लीतल्या त्या चार मजली इमारतीत चांगुणाबाई गरीब स्वभावाच्या म्हणून प्रसिद्ध होत्या. कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. सोसायटीच्या भांडणात त्यांचा आवाज आजवर कुणी ऐकलेला नव्हता. अशा बाईनं मे महिन्यातल्या एका मंगळवारी, दवाखान्यातून आल्या आल्या, पायातली चप्पल काढायच्याही आधी फ्रीज उघडला आणि थंड्याच्या दोन-दोन लिटरच्या तीन बाटल्या एकामागून एक मोरीत ओतल्या. काळा फेस मोरीच्या जाळीवर फसफसत राहिला. सून प्रीती पोळ्या लाटता लाटता थांबली, आणि नवरा सुदाम त्यांच्यामागून येऊन पलंगावर टेकत म्हणाला, "अगं, एक तरी ठेव. पाहुणे आले तर?"

"त्यासाठीच ओतलं," चांगुणाबाई म्हणाल्या.

याचं मूळ फार मागे आहे, उल्हासनगरात. चांगुणा लग्न होऊन कॅम्प चारमधल्या एका खोलीत आली तेव्हा सासूनं तिला चूल दाखवली, पाण्याचा पिंप दाखवला आणि मग दारामागच्या खिळ्याला टांगलेला ओपनर दाखवला. सुदाम अंबरनाथच्या कारखान्यात कामाला होता. कधी सुपरवायझर घरी यायचा, कधी पोराच्या शाळेतले मास्तर, कधी शेजारच्या गल्लीतला एखादा वजनदार माणूस. आला की सासू कोपऱ्यावरच्या सिंधी दुकानातून काचेची बाटली आणायला पिटाळायची आणि कानात सांगायची, "झाकण पाव्हण्याच्या डोळ्यासमोर उघड. आतून उघडून आणू नको." चांगुणा वीस वर्षांची होती. तिला वाटलं, ही शहरातली रीत असेल. चहा घरात असायचा, दूध असायचं, उन्हाळ्यात सासू स्वतः आमसुलाचं सार असं करायची की वाडगं चाटून पुसून ठेवावं. पण पाहुण्यापुढे यायची ती बाटलीच. पाहुणा समाधानानं पिऊन उठायचा आणि सासूच्या तोंडावर इज्जत राखल्याचा आनंद दिसायचा.

पुढे सासू गेली, ओपनर गेला, बदलापुरात फ्लॅट झाला. रीत मात्र सामानाबरोबर टेम्पोत बसून आली. काचेची बाटली होती तोवर एक पाहुणा, एक बाटली, हिशेब संपला. प्लास्टिकच्या मोठ्या बाटल्या आल्या आणि घोळ झाला. पाहुणा अर्धा पेला पिणार आणि उरलेलं फ्रीजमध्ये. सुदाम म्हणजे पानातलं शीत न टाकणारा माणूस. वाया कसं घालवायचं म्हणून जेवल्यावर एक पेला, टीव्ही बघताना एक पेला. नात उन्नती त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेली. वर्षानुवर्षं हे चाललं. मग साखर वाढली, पायाची जखम चिघळली आणि गेल्या दिवाळीच्या तोंडावर डाव्या पायाची करंगळी कापावी लागली.

त्या मंगळवारी पायल डॉक्टरनं दोघांना समोर बसवलं. पोरगी वयानं लहान, पण बोलायला चोख. "काका, गोळ्या चालू, गोड बंद, तरी साखर का उतरत नाही? दिवसभरात पिता काय?" सुदामनं इकडेतिकडे बघितलं आणि सांगितलं. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "घरात आणता कशाला?"

"पाहुण्यांना लागतं."

"मग पाहुण्यांना घरचं ताक द्या, सरबत द्या. बिनसाखरेचं करा म्हणजे तुम्हालाही चालेल. घरचं चालत नाही का तुमच्या पाहुण्यांना?"

डॉक्टरनं सहज विचारलं होतं. रिक्षात बसल्यावर चांगुणाबाई स्टेशनपासून मांजर्लीपर्यंत तेच घोकत होत्या. घरचं चालत नाही का? नाहीच चालत. चाळीस वर्षांत सुपरवायझरनं त्यांच्या घरचा चहा घेतला नव्हता. मास्तरांनी पाण्याचा पेला हातात धरून ठेवला होता आणि तसाच खाली ठेवला होता. बाटलीला कारखान्याचं झाकण होतं, त्यात यांचा हात लागलेला नव्हता, म्हणून ती चालत होती. सासूला हे माहीत होतं. तिनं पोटात ठेवलं आणि सुनेच्या हातात ओपनर दिला. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथं तर तिनं नवऱ्याच्या पायाचं बोट नेलं होतं. चांगुणाबाईंना इतका संताप आला की रिक्षावाल्याकडून सुटे पैसे न घेताच त्या जिना चढल्या.

म्हणून ते मोरीत ओतणं.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवी तऱ्हा सुरू झाली. सकाळी ताक, जिरं आणि हिंग लावलेलं. दुपारी आमसूल भिजवून पिळलेलं पाणी, मीठ घालून. उन्नतीनं चार दिवस तोंड वाकडं केलं, पाचव्या दिवशी ताकाच्या मिशा येईपर्यंत प्यायली. जांभळाचा मोसम लागला तशा चांगुणाबाई सकाळीच बाजारात जाऊन टोपलीवाल्या बायकांकडून पानाच्या द्रोणातली जांभळं आणू लागल्या. मिठाच्या पाण्यात ठेवायची, हातानं कुस्करून बिया वेगळ्या करायच्या, गर चाळणीतून काढायचा, त्यात सैंधव, भाजलेलं जिरं, आल्याचा रस आणि माठातलं पाणी. साखरेचा कण नाही. त्यांचे दोन्ही तळवे मनगटापर्यंत जांभळे झाले आणि साबणानं घासूनही तसेच राहिले.

इथवर सगळं ठीक होतं. अडलं ते पोराच्या पायी.

प्रमोदला सोसायटीचं सेक्रेटरी व्हायचं होतं. हौस म्हणून नाही. पाण्याच्या टाकीची गळती त्यानंच काढली होती, पुरानंतर मीटर वर चढवून घेण्यासाठी ऑफिसांचे उंबरे त्यानंच झिजवले होते, आणि सह्यांच्या वेळी मात्र दुसराच कुणी खुर्चीत असायचा. या खेपेला चेअरमन कमळाकर म्हणाले होते, "रविवारी तुझ्याकडेच बसू कमिटी. नाव पक्कं करून टाकू." कमळाकर हो म्हणाले की बाकीचे हो म्हणत, ही इमारतीची पद्धत.

शनिवारी प्रमोद आईच्या मागे मागे स्वयंपाकघरात आला. "आई, उद्या एक दिवस थंडा आणतो. फक्त एक दिवस. नंतर तू म्हणशील ते."

"जांभूळ आहे की."

"तसं नाही गं. तुला कळतंय ना मी काय बोलतोय?"

"मला आत्ता कळायला लागलंय. तुला कधीपासून कळतंय?"

प्रमोदनं ओट्यावरची चाळणी उचलून परत ठेवली. मग हळूच म्हणाला, "लहानपणापासून." पोरगा अडतीस वर्षांचा, आणि इतकी वर्षं त्यानंही ते पोटातच ठेवलेलं.

प्रीतीनं मध्यममार्ग काढला. "आई, दोन्ही ठेवू ना. ज्याला जे पाहिजे ते घेईल."

"दोन्ही ठेवलं तर कोण काय उचलेल ते मला माहितीये. मला ते बघायचं नाही. ज्यांनी महाडच्या तळ्याच्या पाण्याला ओंजळ लावली त्यांचं नाव सांगणारी माणसं आपण, आणि आपल्याच घरात आपल्या सरबताची आपल्याला लाज? घरात बाटली येणार नाही. तुझी खुर्ची जाईल प्रमोद, मला ठाऊक आहे. मला वाईट वाटेल. तरी येणार नाही."

रविवारी संध्याकाळी तिघं आले. तळमजल्यावरचे कमळाकर, रिटायर झालेले, इस्त्रीचा सदरा, बोलणं लोण्यासारखं. पहिल्या मजल्यावरची किर्ती, बँकेत नोकरीला. आणि चौथ्या मजल्यावरचे महिपती, कुळगावचे जुने शेतकरी, जमीन बिल्डरला देऊन इथं राहायला आलेले. टाकीवर बोलणं झालं, पार्किंगवर झालं. प्रीतीनं ट्रे आणला. चांगुणाबाई तिच्यामागून आल्या आणि पेले त्यांनी स्वतः हातात दिले. जांभळ्या तळव्यांनी.

महिपतींनी एका दमात पेला रिकामा केला. "च्यायला, जांभला! आमच्या बांधावर मोठा झाड व्हता, त्याची अशीच लागायची. साकर नाय टाकली ना? बेस केला. अजून हाय का?" किर्तीनं घोटभर घेतलं, तुरट लागलं म्हणून डोळे मिटले, मग सगळं प्यायली आणि जीभ बाहेर काढून मोबाईलमध्ये बघितली. "मेले मी, पूर्ण पर्पल!" हशा पिकला.

कमळाकरांचा पेला टीपॉयवर तसाच होता. त्यांनी तो दोन बोटांनी जरा पलीकडे सरकवला. "वहिनी, माझा घसा धरलाय दोन दिवस. आंबट-तुरट नको. प्रमोद, खाली वॉचमनला सांग ना, एक थंडा घेऊन ये म्हणावं."

महिपती आधी हसले. "घसा धरलाय नि थंडा?"

कमळाकरही हसले, पण हात खिशाकडे गेला, फोन काढला आणि ते वॉचमनला लावायला लागले. चांगुणाबाईंची गप्प बसायची सवय चाळीस वर्षांची होती. प्रमोदकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं, कारण बघितलं असतं तर शब्द फुटला नसता.

"भाऊ, फोन ठेवा," त्या म्हणाल्या. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? तुमच्या घशाला काही झालेलं नाही."

कमळाकरांनी फोन कानापासून खाली घेतला.

"मोठ्या पुरात तुमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. तुम्ही दोन दिवस याच खोलीत होतात. हे पायानं धड होते तेव्हा, यांनी तुम्हाला जिन्यावरून हात धरून आणलं. मी खिचडी टाकली, तुम्ही पोट बिघडलंय म्हणालात. पुड्यातली बिस्किटं खाल्लीत. पुडा संपल्यावर उपाशी झोपलात. मी रात्रभर काळजी केली हो, या माणसाचं पोट बरं होत नाही म्हणून. मी मूर्ख. तुम्हाला भूक होती भाऊ, मी बघितलं होतं. भुकेपेक्षा ते मोठं निघालं."

"वहिनी, असं काही मनात नव्हतं," कमळाकर म्हणाले. चेहरा लाल झाला होता. "कुठलं कुठं नेताय तुम्ही. आजकाल कोण मानतं असलं? प्रमोद, सांग आईला."

सगळ्यांनी प्रमोदकडे बघितलं. सुदाम पलंगावरून उठायला बघत होता, प्रीती ट्रे छातीशी धरून उभी होती. प्रमोद उठला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता, पण फुटला नाही.

"काका, सेक्रेटरी कुणाला करायचं ते तुम्ही ठरवा. पण माझ्या घरात खालून काही मागवायचं नाही. आईनं केलंय ते आहे."

महिपती आपला रिकामा पेला खाली ठेवून जमिनीकडे बघत बसले. किर्ती म्हणाली, "काका, घ्या ना. काय होतं?" कमळाकरांनी तिचं ऐकलं नाही असं दाखवलं. कागद गोळा करून फाईलमध्ये घातले, फाईलीची नाडी बांधली, सुटली, परत बांधली. मग दाराशी जाऊन चपला घालू लागले. चांगुणाबाईंनी टीपॉयवरचा तो भरलेला पेला उचलला आणि त्यांच्यामागोमाग दारापर्यंत गेल्या. त्या रडतील असं प्रीतीला वाटलं. त्या रडल्या नाहीत.

"एवढं मनाला लावून घेऊ नका, वहिनी," कमळाकर उंबऱ्याबाहेरून म्हणाले. हातातल्या पेल्याकडे न बघता. "पुन्हा येईन तेव्हा बघू."

"या की," चांगुणाबाई म्हणाल्या. "तेव्हा जांभळं संपलेली असतील. ताक असेल, नाहीतर आमसूल असेल. पण असेल माझ्याच हातचं."