राजेश्वरीला दिसलेली रेघ

परंदवडीची राजेश्वरी एमएस्सीला माझ्या हाताखाली होती. मी तळेगावचा फिजिक्सचा मास्तर, आता रिटायर. जिभेचा तिखट, आमच्या घरी विचारा. ही पोरगी सकाळी भातलावणी करून कॉलेजला यायची आणि नखांतल्या चिखलासकट अतितप्त, प्रचंड ताऱ्यांचे वर्णपट बघत बसायची. तिच्याइतकं बारीक बघणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही. हे तिला तेव्हा सांगायला हवं होतं.

काम काय, तर ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडला की मध्येमध्ये काळ्या रेघा दिसतात, त्या तपासायच्या. आयनित हेलियमची रेघ सापडली की तारा ढोबळमानानं 'ओ' वर्गातला, म्हणजे सगळ्यांत तापलेला. नाही सापडली, तर त्याखालचा 'बी'.

एका ताऱ्यापाशी ती अडली.

"सर, हितं बारीक रेघ हाय."

"अगं, नुसता गोंगाट आहे तो, यंत्राची खरखर! आधी वर्णपटाचा आलेख गुळगुळीत कर, बारीक चढउतार काढून टाक." माझा तो शिरस्ताच होता. गुळगुळीत केल्यावर रेघ गेली.

"पर सर, आधी व्हती."

मी सगळ्यांदेखत खेकसलो, "डोळे तपासून घे आधी!" तिनं ताऱ्यापुढं 'बी' लिहिलं. पुढं पीएचडीसाठी तिनं शिफारसपत्र मागितलं. मी अतिशहाणा, त्यात लिहिलं, 'हिला नसलेलं दिसतं.' तिची निवड झाली नाही.

गेल्या महिन्यात त्याच ताऱ्याचा, मोठ्या दुर्बिणीतून घेतलेला नवा वर्णपट पाहिला. रेघ होती, तिनं बोट ठेवलं होतं तिथंच. अकरा वर्षं झाली होती. मला माझीच लाज वाटली.

रविवारी परंदवडी गाठली. ती आता आंबीच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तिच्यापुढं नव्या वर्णपटाचा कागद ठेवला.

"राजेश्वरी, तुझं बरोबर होतं. मी चुकलो. पत्रातही वाईट लिहिलं. शिव्या घाल मला."

तिनं कागदावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "शिव्या कशाला सर? मला तर तुमचंच खरं वाटलं व्हतं."

"मग एवढी शिकून पॅकिंगला कशाला गं?"

"कारखान्याचे साहेब तपासणीला घेत व्हते की. लोखंडी भागांवरच्या बारीक चिरा शोधायच्या." ती कागदाची घडी घालत म्हणाली, "मीच न्हाई म्हनले. माझ्या नजरंचा काय भरवसा, सर?"