घारीला मंत्र म्हणता येत नाही

आमच्या खेळात घार झालेल्या माणसाला मंत्र म्हणता येत नाही. हा नियम माझा नाही. एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात तो आहे; त्याची झेरॉक्स आम्ही अंबाजोगाईत कॉलेजसमोर काढून घेतली होती. मंत्राला तोंडचे शब्द लागतात आणि मोकळे हात लागतात. रूप बदललं तरी अक्कल तुमचीच राहते, तोंड मात्र त्या प्राण्याचं. आणखी एक पोटनियम आहे. उडता उडता परत माणूस झालात, तर पंख जातात आणि तुम्ही आपल्या वजनानं खाली येता.

खेळ साधा आहे. टेबलाभोवती चौघं बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, आणि जमलं की फसलं हे फासे ठरवतात. गोष्ट चालवणारा मी, त्यामुळे पंचही मीच. दुसरी कुठलीच सत्ता मला आजवर मिळालेली नसल्यानं ही मी जपून वापरतो.

रूप बदलणारा वैदू व्हायचा तो माझा दिंद्रुडचा मित्र. वडील पुढारी. घरी चहा मागायचा तरी "बंधू-भगिनींनो" पासून सुरुवात होते, असं तोच सांगायचा. त्यानं पुढं भाषणं करायची हे त्याच्या जन्माआधी ठरलं होतं. आवाज त्याला मिळालाही, पण तो त्यानं आमच्या टेबलावर उधळला. घारीचा नियम त्याला कधीच पटला नाही. खेळून गावी पोचला की ग्रुपवर त्याचा व्हॉइस मेसेज यायचा: "घारीला तोंड हाय, आवाज हाय, मंग मंत्र कावून न्हाई? लई नियम शिकवू नको बे." आणि मग, घारीला काय म्हणता आलं पाहिजे हे पटवायला, तो अख्खा मंत्रच म्हणून दाखवायचा.

तो मंत्र मेलेल्यात जमा झालेल्याला उठवायचा. शब्द पुस्तकात नव्हते, त्याचे स्वतःचे होते, म्हणजे वडिलांचे. वडील रोज सकाळी त्याच्या दाराशी उभे राहून ज्या थाटात हाक मारत, तीच नक्कल: "ऊठ बे वाघा! दिवस कासराभर वर आला. गडी निघाले, बैल निघाले, तू कावून पडला?" आम्ही हसून लोळायचो. वडिलांना याचा पत्ता नव्हता.

मागच्या वर्षी त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, कळतं सगळं, फक्त बोलता येत नाही. हे वाक्य मी आधी कुठं वाचलंय ते मला लगेच आठवलं. न आठवतं तर बरं झालं असतं. तेलगावच्या चौकात फ्लेक्स लागला, "वाणीचा वाघ पुन्हा गरजणार". त्यावर शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते, वाघाचा कोपऱ्यात होता.

आमचा डाव अर्धवट राहिला होता. थांबलो तेव्हा तो घार होऊन वर होता, आणि खाली आमच्यातले मास्तर खेळात जो शिपाई व्हायचे, तो रक्तात पडला होता. त्यानंतर दुपारच्या वेळी मैदानावर घारी घिरट्या घालायला लागल्या की मी मान वर करायचं टाळायला लागलो. त्याचे मेसेज मी पुसले नाहीत, ऐकलेही नाहीत. पण एकदा बसमध्ये खिशातल्या खिशात कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि माझ्या मांडीजवळून त्याचा आवाज आला, "मंग कावून न्हाई?" शेजारचा बाप्या दचकला. मीही दचकलो, पण मला तसं दाखवता येईना.

थंडीत त्याच्या आईचा फोन आला. म्हणाली, भेटायला येणारी माणसं गोड बोलायला लागली की हा भिंतीकडं तोंड करून बसतो. पण फाशांची पिशवी रोज बोटानं दाखवतो, तुमी या.

आम्ही तिघं गेलो. मी, मास्तर आणि मेडिकलवाला. खाली वडिलांची बैठक भरली होती, वर माडीवर तो खुर्चीत होता. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नकाशा काढला. त्याची घार म्हणजे सोड्याच्या बाटलीचं झाकण. ते मी पालथ्या ग्लासावर ठेवलं, म्हणजे आकाशात. या फेरीत कोणी उठवलं नाही तर शिपाई मरणार होता, आणि मेडिकलवाल्याचा तिरंदाज नकाशाच्या दुसऱ्या टोकाला होता.

मित्राची पाळी आली. त्यानं डाव्या बोटानं आपल्या कागदावरचा मंत्र दाखवला.

"होऊ दे बे," मेडिकलवाला मला हळूच म्हणाला.

"मरणारा मी हाय," मास्तर म्हणाले, "अन् माझी काही हरकत न्हाई."

तो माझ्याकडं बघत होता. वर्षभर त्याला सगळे "हो हो"च म्हणत होते. मीही हो म्हटलं असतं तर तो आमच्याकडूनही भिंतीकडं वळला असता आणि पिशवी पुन्हा कधी दाखवली नसती. मला भीती वाटत होती ती त्या वळण्याची.

"न्हाई," मी म्हणालो. "घार हाईस तू."

मेडिकलवाल्यानं मला एक शिवी हासडली. मित्राच्या तोंडाचा अर्धा भाग हलला. तिथं हसू असावं. मग त्यानं झाकण उचललं, ग्लासाच्याही वर नेलं आणि सोडून दिलं. ते नकाशावर खडखडत शिपायाशेजारी पडलं.

"अरे, नीट उतर की!" मास्तर ओरडले.

नीट उतरायला पाळी खर्ची पडली असती. हवेतच माणूस होऊन पडायला नाही. हा पोटनियम त्याच्या लक्षात होता. पडण्याचे फासे मी त्याच्यापुढं ठेवले, त्यानं डाव्या हातानं फेकले. एक पलंगाखाली गेला, मास्तरांनी वाकून काढला. त्याचा वैदू वाचला, जेमतेम. आता तो माणूस होता, जमिनीवर होता.

"हां, आता मंत्र," मी म्हणालो, आणि आपण काय मागितलं ते मला कळलं.

त्यानं मांडीवरचा फोन घेतला. अंगठा बराच वेळ वर सरकत राहिला. मला वाटलं, संपलं, कंटाळला. मग "घारीला तोंड हाय, आवाज हा—" एवढं वाजलं, त्यानं ते पुढं ढकललं, आणि खोली भरून आवाज आला.

"ऊठ बे वाघा! दिवस कासराभर वर आला. गडी निघाले, बैल निघाले, तू कावून पडला?"

ज्याचा आवाज होता तो ओठ मिटून बसला होता.

खालची बैठक एकदम गप्प झाली. जिन्यावर पावलं वाजली. दारात वडील, खांद्यावर कुणीतरी घातलेली सत्काराची शाल, एका पायात चप्पल नाही.

"बोलला?"

त्यांनी पोराकडं बघितलं, मग फोनकडं. समजायला त्यांना वेळ लागला.

"हे तर मी म्हणतो," ते म्हणाले. "अजून म्हणतो. दाराबाहेरून."

ते पलंगाच्या कडेवर बसले. "परत लाव रे."

पण तो त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघत होता आणि बोट शिपायावर टेकलेलं होतं. आधी निकाल.

"उठला," मी म्हणालो. "शिपाई उठला."

तेव्हा त्यानं परत लावलं. वडिलांचे ओठ शब्दागणिक हलत होते. आवाज त्यांच्या तोंडून आला नाही.

तो मंत्र एका पाळीत एकदाच म्हणता येतो. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मी नियम काढला नाही. तिसऱ्यांदाही नाही.