खालचा आवाज

दुपारचं जेवण झालं की मी सोप्यात खाटेवर आडवा होतो. शेजारच्या शेडातले माग चालू असतात. पाहुण्यांना त्या खडखडाटात झोप येत नाही. मला त्याच्याशिवाय येत नाही. सगळा जन्म इचलकरंजीत माग चालवण्यात गेला. डोळे मिटले की तो आवाज आधी छातीत उतरतो, मग पोटात, मग पायांत, आणि पाय माझे राहत नाहीत.

धनंजय, माझा मुलगा, आज कोल्हापूरला गेला आहे, माझ्यासाठी हेडफोन आणायला. त्याचं कारण सांगतो. माझी लेक चारुशीला मागच्या श्रावणात गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली, ती परत आली नाही. पुण्यात ती कॉम्प्युटरवर संगीत करायची, इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हणतात ते. त्यात पेटी नसते, तबला नसतो, गाणारं माणूससुद्धा नसतं. जायच्या आधी तिनं एक नवं गाणं धनंजयच्या फोनवर पाठवलं होतं. "अप्पांसाठी केलंय," एवढंच म्हणाली होती. ते मी फोनवर कितीतरी वेळा लावलं. कागदावरून किडा चालावा तशी टिकटिक येते, तीही मधेच विरते. घरचे ऐकतात आणि डोळे पुसतात. मी कोरडाच बसतो. ती गेली त्या दिवसापासून कोरडाच आहे. कानाचे डॉक्टर म्हणतात, मागांनी कान खाल्ले, उरलंय तेही हळूहळू जाईल. म्हणजे ते गाणं ऐकायचं तर आत्ताच. मेल्यावर ऐकतो म्हणून चालणार नाही. मला दुसरं काही नको आहे.

हा विचार अर्धा होतो आणि खाट हलते. कुणीतरी पायाशी येऊन बसलं आहे.

"अप्पा, सरका की जरा."

मी सरकतो. चारू आहे. अंगात तिचा तो खिसेवाला राखाडी शर्ट, केस वर बांधलेले. ती मेली आहे हे मला माहीत आहे. तिलाही माहीत असावं. त्याबद्दल आम्ही कुणी काही बोलत नाही.

"धनू कुठल्या दुकानात गेलाय?" ती विचारते.

"कोल्हापुरात. मोठं आहे म्हणाला."

"मग चला. तो एकटा गेला तर भोंगा घेऊन येईल."

मी पायात चपला घालतो आणि खाली पाय टेकतो तर शेडातच उभा असतो. माझं जुनं शेड, जे भंगारात गेलं. पण मागांच्या जागी काचेची कपाटं आहेत आणि कपाटांत हेडफोन टांगलेत, ओळीनं. प्रत्येकाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर अक्षरं आहेत. मी वाचायला शिकलो ते पन्नाशीत, चारूनंच शिकवलं, स्वयंपाकघरात पाटावर बसून. मी एकेक अक्षर जुळवायला लागतो. 'क' वाचून होईपर्यंत पुढचं अक्षर जागा बदलतं.

"राहू द्या," चारू म्हणते. "खोक्यावर सगळे तेच लिहितात. आवाज उत्तम, बास दमदार."

"मग कळायचं कसं?"

"कानाला लावून."

"माझ्या कानाला?" मी हसतो. "माझ्या कानाला लावून कुत्र्यालासुद्धा काही कळायचं नाही."

"तुम्ही फोनवर बोलता ना, तेव्हा कोल्हापूरला फोनशिवाय ऐकू जातं," ती म्हणते. "आई सांगते."

मग माग सुरू होतात. कपाटांच्या आतून, नुसता आवाज, माग कुठेच दिसत नाहीत. चारूचे ओठ हलतात. शेडात आम्ही सगळे ओठांवरून बोलायचो, ओरडून काही उपयोग नसायचा. त्यामुळे मला तिचं सगळं कळतं. जिवंत असताना ती फोनवर बोलायची तेव्हा कळायचं त्यापेक्षा जास्त कळतं.

ती एक हेडफोन काढून माझ्या हातात देते. तो भलताच मोठा आहे. "हा बघा. दुकानदार पहिल्यांदा हाच देतो."

मी कानाला लावतो. धम धम धम. छातीवर कुणी गुद्दे मारल्यासारखं.

"बरा आहे की," मी म्हणतो. "काहीतरी लागतंय तरी."

"पाच मिनिटं बरा वाटतो. नंतर सगळी गाणी एका पोत्यात भरल्यासारखी. यात ठोका सुरू कुठं होतो आणि संपतो कुठं ते कळत नाही. आमच्या संगीतात ठोक्यानंतरची शांतता पण वाजवलेली असते, अप्पा. ती याच्यात बुजते."

दुसरा ती देते. याची पाठ जाळीची आहे, आरपार दिसतं. घातला तर घातल्यासारखा वाटत नाही, एवढा हलका.

"हा छान असतो," ती म्हणते. "मोकळं वाटतं. पण शेडाशेजारी राहणाऱ्यानं घेऊ नये. बाहेरचे सगळे माग आत येतील."

"येऊ देत की. ओळखीचेच आहेत."

ती हसते. तिला हसताना बघून मला काही व्हायला पाहिजे. काही होत नाही. आत एक बंद मोटर आहे, तिच्यावर मी हात ठेवून उभा आहे, असं वाटतं.

आता आम्ही एसटीत बसलो आहोत. तिकीट कुणी काढलं माहीत नाही. बाहेर उसाचे मळे जातात, त्यांचा आवाज येत नाही. हेडफोन चारूच्या मांडीवर आहेत, तीन-चार, वायरी एकमेकींत अडकलेल्या. ती त्या सोडवते आहे, तुटलेलं सूत सांधताना मी जसा बसायचो तशी, मान खाली घालून.

"आईच्या बांगड्या ऐकू येतात का तुम्हाला?" ती मान वर न करता विचारते.

"नाही. कधीच्या."

"चिमण्या?"

"चिमण्या आहेत का अजून?"

"दाराची बेल?"

"तुझी आई येऊन हलवते, तेव्हा कळतं बेल वाजली."

"आणि या गाडीचं इंजिन?"

"ते येतं की. इंजिन येतं, मोटर येते, देवळातला ढोल येतो." मी विचार करतो. "ट्रक गल्लीत वळला की सगळ्यांच्या आधी मला कळतं."

"तेच तर." आता ती माझ्याकडे बघते. "तुमचा वरचा आवाज गेलाय. खालचा शाबूत आहे. आणि फोनचं उलटं. एवढासा त्याचा स्पीकर, खालचा आवाज त्याला काढताच येत नाही, नुसता वरचा काढतो. त्याच्याकडं आहे ते तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्हाला येतं ते त्याच्याकडं नाही. तुम्ही आणि फोन, दोघांनी मिळून माझं गाणं सांडलंत."

मी वायरींच्या गुंत्यावर हात ठेवतो. मग म्हणतो, "म्हणजे ते तिथं आहे?"

"आहे की. सगळं खालीच ठेवलंय. तुमच्यासाठी म्हटलं होतं ना?"

कंडक्टर येतो, आमच्याकडे बघत नाही, पुढे जातो. मला वाटतं मी आता रडेन. मी वाट बघतो. उसाचे मळे संपतात आणि बाहेर आमचं स्वयंपाकघर दिसायला लागतं, कट्टा, शेगडी, पाट. मग आम्ही पाटांवरच बसलेले असतो.

कट्ट्यावर एक काळी डबी आहे, पुढे एक गोल बटण.

"हा अॅम्प्लिफायर," चारू म्हणते.

मी लगेच बटण धरतो आणि पार शेवटपर्यंत फिरवतो. ती माझ्या हातावर चापट मारते.

"मागवाल्यांची खोड! कानठळ्या बसल्या नाहीत म्हणजे यंत्र बंद आहे, असंच वाटतं तुम्हाला."

"आवाज मोठा करायलाच असतं ना हे?"

"करतं. पण काम ते नाही. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की माग कसा चालायचा?"

"चालायचा. पण रडतखडत. धोटा पलीकडं पोचायचा नाही, मधेच अडकायचा आणि सूत तोडायचा."

"चांगल्या हेडफोनला नुसता फोन लावला की तेच होतं. चालतो, पण ठोका पलीकडं पोचत नाही. ही डबी व्होल्टेज पुरवते. मग आवाज कमी ठेवूनसुद्धा सगळं पोचतं. कमीच ठेवायचा, अप्पा. उरलेत ते कान याच्यात घालवू नका."

ती शेवटचा हेडफोन उचलते. काळा, पाठ बंद. मी तो हातात घेतो आणि सवयीनं त्याच्या पाठीवर तळवा ठेवतो. मागाच्या चौकटीवर असाच ठेवायचो. माग आजारी आहे की बरा, हे कानाआधी तळव्याला कळायचं.

"अहो, तो माग नाही," चारू म्हणते. मग थांबते. "नाही, राहू द्या. ठेवा हात. लागतंय का काही?"

लागतं. अगदी हळू. थांबत थांबत येणारं काहीतरी, खालून.

"हे तुझं आहे?"

"हो."

"मग लाव की. ऐकव मला."

"इथं नाही."

"का?"

"इथं ऐकलंत तर तिथं कशाला ऐकाल?"

ती वायर काढून घेते. तळव्याखाली सगळं थांबतं. मी गादीवरून अंगठा फिरवतो. कानाभोवती बसणारी ती गोल गादी कापडाची आहे.

"हे मागावरचं नाही," मी म्हणतो. "यात उभा-आडवा धागा नाही, बारीक फासे आहेत."

"सगळं जग मागावरचं कसं असेल? कातड्याची गादी घेतलीत तर बास, म्हणजे तो खालचा आवाज, आणखी धरेल. पण आपल्याकडच्या उकाड्यात कान उकडून निघतील आणि तुम्ही हेडफोन कपाटावर टाकून द्याल, मला माहितीये. कापडाचा घ्या. घट्ट बसणारा. घालून बघा."

मी घालतो. चहूकडून चालू असलेले माग एकदम लांब जातात. इतकं गप्प मी आयुष्यात ऐकलेलं नाही. माझाच श्वास, माझंच रक्त.

आता विचारायचं असेल तर आत्ता, असं वाटतं.

"चारू, तुला त्रास झाला का गं? तिथं, दवाखान्यात?"

ती पुढे वाकते. दोन्ही हातांनी माझ्या कानांवरचा हेडफोन काढते, फिरवते आणि परत घालते. "उलटा घातला होता," तिचे ओठ म्हणतात. "डावा डावीकडं."

"मी रडलो नाही अजून."

"माहितीये."

"तुझी आई म्हणते, दगड झालाय."

"आईला म्हणावं, थांब जरा." ती गाद्या माझ्या कानांवर दाबते, भांड्यावर झाकण बसवावं तशी. "खालचं यायला वेळ लागतो."

तिचे हात गरम आहेत. मग ते हात माझा खांदा हलवायला लागतात.

"अवो! अवो, उठा की. धनूचा फोन आलाय. केव्हाचा दुकानात उभा आहे तो."

सुलोचना आहे, चारूची आई. एका हातात चहा, एका हातात फोन. सोप्यात ऊन आत आलंय. शेजारचे माग चालूच आहेत. ती फोन माझ्या कानाशी धरते.

धनंजय ओरडून बोलतो आहे, माझ्याशी बोलताना सगळेच ओरडतात. "अप्पा, एक बघितलाय! बिनवायरचा आहे, आवाज असला मोठा आहे, तुम्हाला शंभर टक्के ऐकू येणार! घेऊ?"

"धमधम करतो का?"

"काय?"

"लावून बघ. नुसता धमधम करत असेल तर नको. वायरचा घे. पाठ बंद असलेला. जाळीचा नको, माग आत येतात. गादी कापडाची पाहिजे, कातड्याची नको. आणि त्याला अॅम्प्लिफायर लागतो का ते विचार. लागत असेल तर तो पण घे."

मला वाटतं फोन कटला.

"अप्पा," धनंजय म्हणतो. आता तो ओरडत नाही, तरी मला कसं कोण जाणे कळतं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगितलं," मी म्हणतो आणि फोन सुलोचनाकडे देतो.

ती फोन घेत नाही. माझ्या तोंडाकडे बघते आहे.

"हे काय उमटलंय कानाशी?"

"उशी असेल."

मी हात लावतो. डाव्या कानाभोवती गोल वळ आहे, कानशिलावरून गालावर आणि कानामागून मानेवर गेलेला. मी बोटाची शेंडी त्यावर ठेवतो. उशीचा अभ्रा माझ्याच मागावरच्या कापडाचा आहे, त्याचा ठसा उभा-आडवा उमटतो. हा तसा नाही. बारीक फासे लागतात, एकात एक गुंतलेले. चहा निवत चालला आहे. मला अजून रडू येत नाही.

"उशी कशी असेल?" सुलोचना म्हणते. "तुम्ही तर डाव्या कुशीवर झोपला होता."

ती वाकून माझ्या उजव्या कानाभोवती, तिथल्याही तशाच गोल वळावरून बोट फिरवते, आणि फिरवतच राहते.