सुलोचनाबाईंच्या हातचं लग्न

आजकाल लग्नाला गेलं की माझं डोकं उठतं. हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, मागच्याचं कोपर पाठीत खायचं आणि वर म्हणायचं, काय थाट होता! थाट पाहायचा तर आमच्या सुलोचनाबाईंच्या हातचं लग्न पाहायला हवं होतं.

पवनीपासून दोन कोसांवर आमचं गाव. कोणाच्याही घरी लग्न ठरलं की पहिलं बोलावणं सुलोचनाबाईंना. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच मुलगी रुखमा, आणि जीभ अशी की भलेभले दबून असत. त्यांच्या लग्नात भोंगा नाही, पताका नाहीत. सारवलेलं अंगण, वर जांभळाच्या डहाळ्यांचा हिरवागार मांडव. पत्रावळ्या पळसाच्या, सगळ्या एका मापाच्या. एखादी वाकडी निघाली की बाई ती सरळ चुलीत घालत. म्हणायच्या, "चारच पदार्थ करा, पण पंगतीत कोणाले मांगा नाही लागला पाह्यजे."

१९७८ साली माझं लग्न बपेऱ्याच्या मुलाशी ठरलं. माझे वडील टिकाराम ताठ माणूस. दोन एकर धान, पण वाकणं माहीत नाही. सुलोचनाबाईंनी घरातला तांदूळ पाहून ठरवलं, भावकीच्या सात घरांना चूलबंद आमंत्रण, बाकी गावाला घरटी एक माणूस. चूलबंद म्हणजे त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळे जेवायला इकडे.

आमंत्रण द्यायला सेवकरामकाका गेले, बाबांचे धाकटे भाऊ. देवमाणूस. पहिल्या घरी चूलबंद सांगितलं, तर शेजारची गोदावरीबाई आपल्या दारात ऐकत उभी. तिच्या तोंडावर 'एक जण या' म्हणायला काकांची जीभ रेटेना. तिलाही चूलबंद सांगितलं. मग तिच्या शेजाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून त्यालाही. असं करत करत काका सगळं गाव चूलबंद करून आले, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी लाखोरीच्या डाळीचे वडे खाता खाता सहज सांगून मोकळे झाले.

वरातीसमोर भात संपला तर बाबांना जन्मभर तोंड दाखवायची सोय नाही.

सुलोचनाबाई म्हणाल्या, "मी घरोघरी जातो. सांगतो, चुली पेटवा अन् भात शिजवून मांडवात आणून द्या."

"माह्या पोरीच्या लग्नात भीक मांगता?" बाबा ओरडले.

"तुम्ही नका मांगू भाऊ. मी मांगतो."

"मंग यापुढं माह्याशी बोलू नका."

"नका बोलू. पंगत उपाशी उठली नाही पाह्यजे."

खोटं कशाला सांगू, राग मलाही आला होता. पण दुसऱ्या दिवशी बावन्न घरचा भात आला. बाईंनी तो पाहून वेगळा केला, बारीक भात वऱ्हाडाला, जाडा गाववाल्यांना. एकसारख्या गंजांत, म्हणजे मोठ्या पातेल्यांत, भरून वर पळसाची पानं घातली. बपेऱ्याची मंडळी तृप्त होऊन उठली, कोणाला पत्ताही लागला नाही.

बाबांनी मात्र शब्द पाळला. दोन वर्षं बाईंशी अवाक्षर बोलले नाहीत. बाई समोरून आल्या की ते वाट बदलत. मला त्याचं फार वाईट वाटायचं, कारण माझं लग्न निभावून नेणारी तीच बाई होती.

मग रुखमाचं लग्न आलं. मी माहेरी आले होते. या वेळी बाई स्वतः दारोदार फिरल्या आणि सगळ्यांना एकच सांगितलं, घरटी एक माणूस. आमच्याकडेही आल्या, आईला सांगून गेल्या. बाबा ओसरीवर पाठ फिरवून बसले होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी बाबांनी आईला मोठा गंज चढवायला सांगितला.

"अजी, आमंत्रण एकाचंच आहे," आई म्हणाली.

"मी एकटाच तर जाऊन राह्यलो," बाबा म्हणाले.

भात शिजला. बाबांनी डोक्याला पंचा गुंडाळला, वर वाफाळता गंज ठेवला आणि भर गावातून निघाले. मी मागे. दुसऱ्याच्या दारी ओझं घेऊन चाललेले बाबा गावाने कधी पाहिले नव्हते. लोक दारात आले, पाहिलं, आणि आत वळले. बघता बघता घराघरातून चुलींचा धूर निघायला लागला.

मांडवात सुलोचनाबाई वाढप्यांना कामं सांगत होत्या. बाबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, भात कुठं ठेवू?"

अख्ख्या गावाला जागा नेमून देणाऱ्या त्या बाई मांडवाचा खांब धरून ढसाढसा रडायला लागल्या. मीही रडले. बाबा डोक्यावर गंज घेऊन तसेच उभे.

"मंग रडा निवांत," ते म्हणाले, "पह्यले जागा सांगा. डोकं भाजून राह्यलं."