अंगठ्याची खूण

गेल्या मंगळवारी सकाळी, जिल्हा रुग्णालयात, आमच्या शेजारच्या सुमनमावशींवर अन्याय झाला. मेंदूत गुठळी अडकून त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. गुठळी विरघळवणारं, पहिल्या काही तासांतच देता येणारं इंजेक्शन तयार होतं. पण मावशी रक्त पातळ करणारी गोळी घेतात. तिचा अंमल असताना ते दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

"आजची गोळी घेतली का?" डॉक्टरांनी विचारलं.

"गोळ्यांचं सगळं तीच बघते, माझ्यासुद्धा," मावशींचे यजमान, काका म्हणाले. "अगं, सांग की."

मावशींनी डावा अंगठा बोटावर दाबला, पाकिटातून गोळी काढताना दाबतात तसा. घेतली म्हणत होत्या, की राहिलीय, द्या म्हणत होत्या? मान हलवून हो-नाही सांगणंही त्यांना जमेना. त्यांनी पुन्हा दाबला. उत्तर त्यांच्या आत कोंडलं होतं.

पण ते त्यांच्या रक्तातही होतं. औषध किती उरलंय ते मोजता येतं.

"इथं होत नाही ते," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "नमुना शहरात जातो. उद्या कळेल."

उद्या कळून काय करायचं? इंजेक्शन ट्रेमध्येच राहिलं. मावशी अजून बोलत नाहीत. अंगठा मात्र दाबतात.

तुमच्या जिल्हा रुग्णालयात जा. ही तपासणी इथं लगेच होते का, ते विचारा. नाही म्हणाले, तर तसं लेखी मागा.